पांढरे डेकल दिसत नाहीत? डोळे ताणू नका, लाईट बदला

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलंय की १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, कोर्सेअर (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान) बनवतोय, गडद निळा रंग मारून झाला, आता डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील अक्षरं न् चित्रं) लावायचे तर शीटवर पांढरे आकडे न् बारीक अक्षरं दिसतच नाहीत, कापताना दोन अक्षरं अर्धी कापली गेली, भिंग घेतलं तरी तेच, काय करू.

भाऊ, भिंगाने हा प्रश्न सुटत नाही. भिंग वस्तू मोठी करतं, पण पांढऱ्यावर पांढरं मोठं केलं तरी ते पांढऱ्यावर पांढरंच राहतं. भिंग लागतं ते नंतर, कापताना. आधी शाई आणि कागद यांच्यातला फरक डोळ्याला दिसला पाहिजे, आणि तो फरक शीटवर असतोच, एक नाही चार चार असतात. शाईचा रंग कागदापेक्षा थोडा वेगळा असतो, शाईला जाडी असते म्हणून ती कागदाच्या वर उठलेली असते, तिची चमक वेगळी असते, आणि ती कागदापेक्षा जास्त उजेड अडवते. ट्यूबलाईटचा उजेड डोक्यावरून सरळ खाली पडला की हे चारही फरक पुसले जातात. म्हणून आपल्याकडे रात्री जेवण झाल्यावर हॉलमधल्या ट्यूबखाली बसून डेकल लावणारे सगळे हीच तक्रार करतात. लाईट कुठून येतो आणि कोणत्या रंगाचा येतो, हे बदललं की निम्मं काम झालं.

सगळ्यात सोपं आधी सांगतो, त्याला एक रुपया लागत नाही. खोली अंधारी करा, शीट टेबलावर सपाट ठेवा आणि मोबाईलची टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, म्हणजे उजेड शीटवरून घासत गेला पाहिजे. पांढऱ्या शाईच्या कडेला एका बाजूला बारीक सावली पडते आणि दुसऱ्या बाजूला चमकदार रेघ येते. टॉर्च हळूहळू शीटभोवती फिरवा, कारण आडवी रेघ एका दिशेने दिसते आणि उभी रेघ दुसऱ्या दिशेने. बहुतेक डेकल स्क्रीन प्रिंटिंगने छापलेले असतात आणि पांढऱ्याचा थर झाकण्यासाठी चांगला जाड दिलेला असतो, त्यामुळे उलट रंगीत शाईपेक्षा पांढऱ्याचीच कड जास्त उठून दिसते. दिवसा करायचं असेल तर खिडकीकडे तोंड करून शीट डोळ्यांच्या पातळीवर जवळजवळ आडवी धरा आणि खिडकीचं प्रतिबिंब शीटवर पकडा, जिथे प्रतिबिंब तुटतं तिथे शाई आहे. यातच तुम्हाला शाईला धरून ठेवणाऱ्या पारदर्शक फिल्मची कडही दिसेल, आणि ती दिसणं फार महत्त्वाचं आहे, त्याचं पुढे सांगतो.

आता रंगाचा फरक. शीटचा कागद नीट बघा, तो खरंच पांढरा आहे का? बऱ्याच कंपन्या मुद्दाम फिकट निळा कागद वापरतात, पांढरी छपाई दिसावी म्हणूनच. अशा कागदाला लाल उजेड द्यायचा. गणपतीच्या डेकोरेशनला आपण आणतो तो लाल जिलेटीन पेपर दुहेरी करून टॉर्चवर रबरबँडने बांधा. निळा कागद लाल उजेड कमी परत पाठवतो म्हणून तो काळपट दिसायला लागतो, पांढरी शाई लाल उजेड पूर्ण परत पाठवते म्हणून ती उजळ राहते. खोलीत दुसरा कुठलाच उजेड नको, नाहीतर परिणाम धुऊन जातो. कागद पिवळसर किंवा साईच्या रंगाचा असेल तर उलटं करायचं, निळा जिलेटीन लावायचा. लोक ऐकीव माहितीवर कुठलाही रंग लावतात आणि मग म्हणतात काही फरक पडत नाही, तर आधी कागदाचा रंग बघा मग लाईटचा रंग ठरवा, हे उलटसुलट केलं तर दिसतं ते पण जाईल.

हेच काम मोबाईलच्या फोटोवर पण होतं आणि मला तर ते जास्त आवडतं, कारण फोटो कायमचा राहतो. शीटचा फोटो बरोबर वरून काढा, उजेड मात्र बाजूने असू द्या. मग स्नॅपसीडसारख्या ॲपमधे ब्लॅक अँड व्हाईट करून लाल फिल्टर निवडा, कॉन्ट्रास्ट वाढवा, ब्राइटनेस कमी करा. निळसर कागद करडा होतो आणि पांढरे आकडे वर येतात. घरी किंवा सायबर कॅफेत स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करून हेच करा आणि मूळ मापात प्रिंट काढून घ्या. तो झाला तुमचा नकाशा. प्रत्येक अक्षराला पेनाने नंबर द्या, इन्स्ट्रक्शन शीटवरच्या नंबरशी जुळवा आणि हा कागद समोर चिकटवून ठेवा. बऱ्याच किटच्या इन्स्ट्रक्शनमधे डेकल शीटचं चित्र रंगीत पार्श्वभूमीवर छापलेलं असतं, ते असेल तर ही मेहनत वाचली, पण ते चित्र शीटच्याच मापाचं आहे का ते पट्टीने मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

कागद खरोखर पांढराशुभ्र असेल तर रंगीत लाईट फारसा उपयोगाचा नाही. तिथे दोन उपाय. एक म्हणजे मागून उजेड. मोबाईलची स्क्रीन पूर्ण पांढरी आणि पूर्ण ब्राइट करा, वर काच ठेवा, त्यावर शीट. कागदातून थोडा उजेड आरपार येतो आणि पांढरी शाई तो अडवते, म्हणून पांढरी अक्षरं चक्क काळपट दिसतात. जाड कागदाला स्क्रीन कमी पडते, तिथे काचेखाली टॉर्च ठेवा. दुसरा उपाय यूव्ही टॉर्चचा, नोटा तपासायला दुकानदार ठेवतात ती. जळगावला गोलाणी मार्केटमधे किंवा ऑनलाईन मिळून जाते. पुष्कळ पांढऱ्या कागदांत ब्राइटनर घातलेलं असतं, ते यूव्हीखाली निळसर चमकतं, आणि पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड यूव्ही शोषून घेतं, म्हणून कागद चमकतो आणि अक्षर काळं पडतं. घ्यायचीच तर ३६५ नॅनोमीटरची घ्या, ३९५ च्या टॉर्चमधून जांभळा उजेडच इतका येतो की चमक त्यात बुडते. कागदात ब्राइटनर नसेल तर मात्र काहीच चमकणार नाही, तेव्हा शीट सोबत नेऊन दुकानातच लावून बघा, मग पैसे द्या. आणि ती टॉर्च डोळ्यात मारायची नाही, घरात लहान मुलं असतील तर वापरून झाली की कपाटात.

दिसायला लागलं की लगेच कापू नका, आधी खूण करा. ही पायरी लोक सोडून देतात, आणि अक्षरं अर्धी कापली जातात ती इथेच. टॉर्च आडवी धरलेली असतानाच मऊ पेन्सिलने, २बी किंवा ४बी, प्रत्येक डेकलच्या चार कोपऱ्यांना फिल्मच्या बाहेर कागदावर बारीक टिंब द्या. मग साध्या उजेडातसुद्धा टिंबाला टिंब जोडून कापता येतं. जेल पेन, स्केच पेन अजिबात नको, पाण्यात शाई सुटते आणि पांढऱ्याच्या कडेला कायमची बसते. कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलनेच नंबर आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढा. पेन्सिल पाण्यात जात नाही. बाण का, तर इंग्रजी सहा आणि नऊ, एम आणि डब्ल्यू, एन आणि झेड, सुटे झाले की कुठलं कुठे ते कळत नाही, आणि पांढरं असेल तर अजिबातच नाही.

कापताना फिल्मचं बघा, मघाशी म्हटलं ते. काही शीटवर प्रत्येक आकड्याभोवती वेगळी फिल्म असते, ती थोडी सैल कापली तरी चालते कारण बाहेरचा कागद सुटून जातो. काही शीटवर, विशेषतः सुट्या विकत मिळणाऱ्यांवर, पूर्ण शीटभर एकच फिल्म असते, तिथे जेवढं कापाल तेवढी फिल्म मॉडेलवर येणार, म्हणून शाईच्या जवळून कापावं लागतं. आता इथे भिंग काढा. आपला जळगाव सोन्याचा, सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथे दहापट दाखवणारं भिंग मिळतं, ते चांगलं असतं, पण कापताना एक हात अडकतो म्हणून घड्याळवाल्यांचं डोळ्यात बसवायचं भिंग किंवा डोक्याला लावायचं भिंग जास्त सोयीचं. ब्लेड नवी, आणि एकाच दाबात कापायचं, करवतीसारखं मागेपुढे केलं की पांढऱ्या शाईची कड तुकडे होऊन उडते.

पाण्यात टाकल्यावर दुसरी पंचाईत सुरू होते. पांढऱ्या वाटीत किंवा स्टीलच्या ताटलीत पांढरं अक्षर सुटलं तर ते गेलंच समजा. हॉटेलच्या पार्सलचा काळा प्लास्टिकचा डबा येतो ना, तो धुऊन ठेवा, डेकलसाठी यापेक्षा चांगलं भांडं विकत मिळत नाही. काळ्या तळावर सुटलेलं अक्षर चटकन दिसतं आणि ओला कागद पण थोडा आरपार होऊन काळपट पडतो, त्यामुळे कोरडं असताना न दिसलेलं पांढरं तिथे दिसायला लागतं. डेकल पाण्यात पोहत ठेवायचा नाही, दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढायचा आणि डब्याच्या काळ्या झाकणावर मिनिटभर ठेवायचा, तेवढ्यात गोंद सुटतो. पाण्यात राहिला की गोंद धुतला जातो, अक्षर एकटं सुटतं आणि उलटं पण होतं. पाण्यात खाण्याचा रंग टाकून अक्षर दिसतं असं काही जण करतात, मी ते कुणालाच सांगत नाही, रंग गोंदात आणि फिल्मच्या कडेत शिरतो आणि पांढरं डेकल गुलाबी कडेचं होऊन बसतं.

पाण्याबद्दल आपल्या भागात अजून एक. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की बादलीला पांढरा थर चढतो, तोच थर तुमच्या निळ्या विमानावर डेकलभोवती वाळून बसतो आणि मग माणूस समजतो फिल्मखाली हवा अडकली. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिळते, एक बाटली कितीतरी मॉडेलला पुरते, तीच भांड्यात घ्या आणि शेवटी डेकलभोवती पुसायला पण तीच. घरी आरओ असेल तर ते चालेल.

उन्हाळ्यात वेळ सकाळची ठेवा. एप्रिल-मेमधे दुपारी कागद झाकणावर ठेवल्या ठेवल्या वाळतो आणि डेकल मॉडेलवर सरकवायच्या आतच चिकटतो. कूलर तर बंदच करा, पंखा पण. दोन मिलिमीटरचं पांढरं अक्षर कूलरच्या हवेत उडालं तर पांढऱ्या फरशीवर सापडत नाही. टेबलावर गडद रंगाचं जुनं चादरीचं कापड पसरून बसलात तर निदान पडलेलं दिसतं.

लावताना कागदाला मॉडेलच्या अगदी जवळ नेऊन ब्रशने सरकवा, चिमट्याने उचलू नका. पाणी टिपायला सगळे पांढरा टिश्यू किंवा कानाचा बड घेतात, आणि बारीक पांढरं अक्षर त्यालाच चिकटून जातं, कुठे गेलं कळत नाही, टिश्यू कचऱ्यात जातो. त्याऐवजी ओलसर ब्रशची टोकं डेकलच्या कडेला लावून पाणी ओढून घ्या. टिश्यूच वापरायचा असेल तर दाबायचा नाही, नुसता कडेला टेकवायचा, आणि फेकायच्या आधी आडव्या टॉर्चखाली बघायचा.

खालचा पृष्ठभाग चकचकीत पाहिजे, ग्लॉस कोट मारल्याशिवाय डेकल लावू नका. मॅट रंगाच्या खडबडीत भागात फिल्मखाली हवा राहते आणि ती पांढुरकी चमकते, मग पांढरं अक्षर कुठे संपलं आणि हवेचा डाग कुठे सुरू झाला तेच कळत नाही. तुमचं कोर्सेअर ग्लॉसी सी ब्लू या नौदलाच्या गडद निळ्या रंगातलं असेल तर मूळ रंगच चकचकीत आहे, तेवढं काम हलकं. निळ्या लेबलचं मायक्रो सेट (डेकल नीट चिकटवणारं द्रव) आधी, लाल लेबलचं मायक्रो सोल (डेकल मऊ करून बसवणारं द्रव) नंतर, हा क्रम. सोल लावल्यावर डेकलला सुरकुत्या पडतात, त्या वेळी हात लावायचा नाही, वाळताना आपोआप बसतात. जाड पांढऱ्या शाईवर सोल एकदम भरपूर ओतण्यापेक्षा थोडं लावून, वाळू देऊन, परत थोडं, असं करा.

आता लावून झाल्यावर पण पांढरं 'दिसत नाही' असं होतं, म्हणजे खालचा निळा वर डोकावतो आणि तारा निळसर करडा वाटतो. कोर्सेअरवर हे जास्त जाणवतं, कारण १९४४ पासून अमेरिकन नौदलाची लढाऊ विमानं पूर्ण गडद निळी रंगवायला लागले तेव्हा निशाणीच्या मागचं निळं वर्तुळ गाळून नुसता पांढरा तारा आणि पट्टे ठेवायला लागले, म्हणजे तुमच्या मॉडेलवर ती सगळी निशाणी पांढऱ्या शाईवरच उभी आहे. मोठ्या ताऱ्याखाली पांढरा रंग द्या, असं माझं मत. जिथे तारा येणार तिथे मास्किंग टेपमधे ताऱ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर आत असलेला आकार कापा, पांढऱ्याचे दोन-तीन पातळ हात मारा, टेप काढून कड बारीक पॉलिश पेपरने घासा, ग्लॉस द्या आणि मग वर डेकल. शीटमधे जास्तीचे तारे असतील तर एकावर एक दोन डेकल लावूनही जमतं, पण पहिला रात्रभर वाळू द्या आणि मधे क्लिअर वार्निशचा पातळ हात द्या, नाहीतर दुसऱ्याचं सोल पहिल्याला उठवतं. बारीक अक्षरांना यातलं काही करू नका. दोन थरांत केसाएवढं इकडेतिकडे झालं तरी अक्षर जाड आणि धुरकट दिसतं, त्यापेक्षा थोडं निळसर दिसलेलं परवडलं.

भुसावळकडचे रेल्वे मॉडेलवाले पण हाच प्रश्न विचारतात, आणि त्यांचं काम विमानवाल्यांपेक्षा किचकट आहे. मालगाडीच्या प्रत्येक वॅगनला ११ आकडी नंबर असतो, पहिले दोन वॅगनचा प्रकार, पुढचे दोन कुठल्या रेल्वेची, मग दोन बांधणीचं वर्ष, चार तिचा स्वतःचा नंबर आणि शेवटचा चेक डिजिट, वर वजनाचे न् दुरुस्तीच्या तारखांचे आकडे, सगळं पांढऱ्यात. खऱ्या वॅगनवरचं १०० मिलिमीटरचं अक्षर एचओमधे, म्हणजे १/८७ मधे, १.१५ मिलिमीटर होतं. पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, बनवणाऱ्याने सुटे आकडे कापून जुळवत बसणं म्हणजे डोळ्यांची वाट लावणं आहे. अख्खा नंबर एकाच पट्टीत छापून घ्यायचा.

घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही, त्याच्याकडे पांढरी शाईच नसते. पांढऱ्या डेकल पेपरवर वॅगनचा रंग छापून अक्षरं कोरी सोडता येतात, पण छापलेला तपकिरी आणि मारलेला तपकिरी कधीच एक दिसत नाही, मला तो मार्ग पटत नाही. पांढरा टोनर असलेला लेझर प्रिंटर कुणाकडे असेल तर उत्तम. नाहीतर लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले आपल्या प्रत्येक तालुक्याला आहेत, त्यांना बारीक जाळीची स्क्रीन करायला सांगा आणि क्लिअर डेकल पेपर तुम्ही न्या, निळसर बॅकिंगचा मिळाला तर तोच घ्या. स्वतःचं डिझाईन करताय तर एक सोय आधीच करून ठेवा, प्रत्येक नंबरच्या पट्टीभोवती दोन मिलिमीटर सोडून बारीक पांढरी चौकट छापा. आडव्या टॉर्चखाली चौकट लगेच सापडते, चौकटीच्या आतून कापलं की नंबर आपोआप वाचतो. शीटच्या समासात त्या ओळीचा नंबर मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे पेन्सिलचं कामही वाचेल.

जुनी, माळ्यावर राहिलेली शीट असेल तर ती वेगळी केस आहे. फिल्म पिवळी पडलेली असते आणि आपल्याकडच्या माळ्याच्या उष्णतेत ती तडकते पण. आधी नको असलेला एखादा डेकल पाण्यात टाकून बघा, तुकडे झाले तर पूर्ण शीटवर मायक्रोस्केलचं लिक्विड डेकल फिल्म किंवा क्लिअर वार्निशचा हात द्या, आणि मग फिल्म सगळीकडे एक होते म्हणून शाईच्या जवळून कापावं लागेल हे लक्षात ठेवा. पिवळेपणा घालवायला शीट पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा, छपाई उन्हाकडे. मे महिन्यात रोज संध्याकाळी बघत जा आणि दुपारी एक ते चार काढून ठेवा, कारण पिवळेपणा घालवतो तो उजेड, उष्णता नुसती फिल्म कडक करते. वार्निश द्यायचं असेल तर ते ऊन दाखवून झाल्यावर.

तुमच्या त्या दोन अर्ध्या कापलेल्या अक्षरांचं. दोन्ही अर्धे कागदावर असतील तर फेकू नका. दोन्ही तुकडे वेगवेगळे भिजवा, मॉडेलवर आधी मोठा तुकडा बसवा, लहान त्याच्या कडेला ओल्या ब्रशने सरकवून भिडवा, सोल लावा. वाळल्यावर फटीत गडद निळी रेघ दिसेल, तिथे सगळ्यात बारीक ब्रशने पातळ पांढरा टेकवा, आणि तो पांढरा शुद्ध पांढरा नको, शीटवरच्या पांढऱ्याशी मिळता थोडा करडा घातलेला. एखादा तुकडा हरवला असेल तर शीटवर त्या किटमधल्या दुसऱ्या विमानाचे आकडे आणि अक्षरं असतील, आडव्या टॉर्चखाली ती शोधा, आय, एल, टी, ई, एफ ही अक्षरं दुसऱ्या अक्षरांच्या सरळ पट्ट्यांतून कापून निघतात.